खिडकीची सलवार

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात सगळे आंघोळवाली आपा म्हणतात. मी अम्मी म्हणते. कुणाच्या घरी बाई वारली की पहिला निरोप कबर खोदणाऱ्यांकडे जातो आणि दुसरा आमच्या दारात येतो. मेलेल्या बाईला शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, बाईनंच घालायची असते, आणि गेली एकतीस वर्षं ती अम्मीच घालतात.

हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी सासूबाई बादली, कापूर आणि एक जाड गडद चादर घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा मला वाटलं कुठं साफसफाईचं काम करत असतील. दुपारी खरं कळलं आणि त्यांच्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरेना. त्यांनी ते ओळखलं. त्या दिवसापासून दोन महिने मला स्वतःचं ताट स्वतः वाढून घेऊ दिलं. आता त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मी त्यांच्यावर दिवसातून चार वेळा ओरडते आणि त्या मला पाच वेळा ऐकवतात, म्हणजे संसार ठीक चाललाय.

त्यांचं काम मी दोनदाच पाहिलं, पाणी ओतायला माणूस कमी पडलं म्हणून. खोलीत पाय ठेवला की अम्मी आधी माणसं मोजतात. दोघी आंघोळ घालणाऱ्या, तिसरी पाणी देणारी, बाकी सगळ्या बाहेर. मग ती सख्खी नणंद असो की शेजारीण. रडायचं तर दाराबाहेर रडा, म्हणतात. मग बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर, आणि कपडे काढायचे ते त्या चादरीखालून. चादर जाड आणि गडद लागते, कारण पातळ पांढरं कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि मग झाकून काय उपयोग. हाताला कापडाची पिशवी बांधतात आणि चादरीखालचं सगळं त्या पिशवीच्या हातानं, न बघता धुतात. बाई बाईला आंघोळ घालतेय म्हणून सगळं उघडं टाकायचं, असं नाही. जिवंतपणी बाईची जी लाज दुसऱ्या बाईनं राखायची, तीच मेल्यावर राखायची.

आणि तोंड बंद. एकदा अशाच एका वारलेल्या बाईची जाऊ आमच्याकडे आली, चहा घेतला, आणि हळूच विचारायला लागली की तिच्या पाठीवर डाग होता म्हणतात, खरं का? अम्मींनी तिला अजून एक टोस्ट वाढला आणि म्हणाल्या की मी कामाला जाताना डोळे घरी ठेवून जाते. ताकास तूर लागू दिली नाही. ती बाई गेल्यावर मीही विचारलं, डाग होता का हो? त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

जिवंत बायकाही त्यांना विचारायला येतात. कपड्याच्या दुकानातल्या छोट्या खोलीत विकणारी मुलगी आत आली तर चालतं का? बहिणीसमोर कपडे बदलले तर? अम्मींचं उत्तर ठरलेलं. बाईनं बाईसमोर बेंबी ते गुडघा झाकायचाच, तिथं बहीण नाही, मैत्रीण नाही, आई नाही. त्याच्या वरचं आणि खालचं झाकलं तर चांगलं, राहिलं तर डोक्यावर आभाळ पडत नाही. दुसऱ्या धर्माच्या बाईसमोर काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, केससुद्धा झाका म्हणतात, काही म्हणतात बाई ती बाई. अम्मी दोन्ही सांगतात आणि निवड समोरच्यावर सोडतात. औषधपाण्यासाठी मात्र सगळ्यालाच सूट आहे, पण गरजेपुरती. जेवढं दुखतं तेवढंच उघडायचं.

माझं म्हणाल तर मी इस्त्रीचं काम करते. घराच्या पुढच्या खोलीत लांब टेबल आहे, त्यावर घोंगडी, घोंगडीवर चादर, आणि दोन इस्त्र्या. जवळच्या कारखान्याचे युनिफॉर्म येतात, आठवड्याला दोनशे. हात गरम, डोकं त्याहून गरम, असं आमचे हे म्हणतात. हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरात भांडण वर चढायला लागलं की स्वतः खाली उतरून निघून जातात.

तर झालं असं. अम्मींची ती चादर दुसऱ्या कुणी धुतलेली त्यांना चालत नाही. स्वतः धुतात, स्वतः वाळत घालतात. मागच्या अंगणातली दोरी थोडी उंच आहे. मला हाक मारायची, तर नाही. स्टुलावर चढल्या, स्टूल सरकलं आणि दोन्ही हात पुढे टाकून पडल्या. उजवा हात खांद्याजवळ आणि मनगटात मोडला, डावा मनगटात. उजव्याला वरपासून खालपर्यंत प्लास्टर, डाव्याला कोपरापर्यंत, त्यातून चार बोटं आणि अंगठ्याचं टोक बाहेर. सहा आठवडे. वय सहासष्ट, आणि साखर आठ वर्षांपासूनची.

जेवण मी भरवायचे. वेणी मी घालायचे. नमाजाआधीच्या वजूसाठी तोंड, पाय मी धुवायचे. संडासात पाण्याची नळी आहे, ती डाव्या हाताच्या बोटांत कशीबशी धरून, प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून त्या स्वतःचं करायच्या आणि घामाघूम होऊन बाहेर यायच्या. आंघोळीचं मात्र अवघड झालं. पाठ, मान, पोटऱ्या मी ओल्या फडक्यानं पुसायचे. कमरेशी आलं की म्हणायच्या, "बस. पुढचं माझं मी बघते."

चार बोटांनी काय बघणार होत्या? मी मूग गिळून गप्प बसले. तसं गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण पडलेल्या माणसाशी किती भांडायचं.

तिसऱ्या आठवड्यात मला वास आला. आधी वाटलं युनिफॉर्मच्या गठ्ठ्यातून येतोय. गठ्ठा अंगणात नेला तरी वास खोलीतच. अम्मी खुर्चीवर एका बाजूला कलून बसायला लागल्या होत्या, त्याचाही मला तेव्हा अर्थ लागला. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी सरळ विचारलं. आधी काही नाही म्हणाल्या, मग गळू आहे म्हणाल्या, मग कुठं आहे ते सांगेनात. शेवटी बोटाच्या टोकानं सलवारीवरूनच दाखवलं, मांडीच्या अगदी वर, आतल्या बाजूला. मी म्हटलं, बघू दे. नको म्हणाल्या. माझं डोकं फिरलं. सगळ्या गावाला तुम्ही सांगता की औषधासाठी सूट आहे, मग आता काय झालं? त्या शांतपणे म्हणाल्या की सूट ज्याला दुसरा मार्ग नाही त्याला आहे, मला डॉक्टर आहे. बरं, म्हटलं, चला डॉक्टरकडे.

पण तसंच जायचं नव्हतं. कपाटातली एक जुनी, सैल, जाड सुती सलवार मला काढायला लावली आणि सांगितलं की इथं एवढी खिडकी कर. एवढी म्हणजे केवढी, तर चहाच्या बशीएवढी. मी कापली, कडा दुमडून बारीक टीप मारली, कारण दोरे सुटले तर जखमेत जातील, आणि वर झाकायला एक झडप लावली, ती बंदानं बांधता येईल अशी. मग कडक इस्त्री केली. घालायला फक्त नाडी बांधायची मदत घेतली, तीही माझं तोंड भिंतीकडे करून. तेरा वर्षांत इतक्या जणांचे कपडे इस्त्री केले, पण खिडकीची सलवार ही पहिलीच.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई आमच्या धर्माच्या नाहीत. मी वाटेत मुद्दाम खवचटपणे आठवण करून दिली. अम्मी म्हणाल्या, दुखऱ्या जागेला डॉक्टरचा धर्म कळत नाही. आणि पडद्याआड जाताना मला म्हणाल्या, तू बाहेर थांब.

मी बाहेर थांबले. बाकावर बसले आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आत एक परकी बाई, जिला अम्मींचं नावसुद्धा चिठ्ठीवर वाचावं लागतं, ती बघू शकते. आणि मी, जी तेरा वर्षं त्यांच्या घरात आहे, जिनं त्यांच्या उलट्या काढल्या, नखं कापली, दात दुखला तेव्हा रात्रभर पाय दाबले, ती बाहेर बाकावर. मला खरंच रडू आलं. सून शेवटी परकीच, असं लोक म्हणतात ते उगीच नाही, असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी गळू फोडलं. बाहेर येऊन त्या आधी हसल्या, ही सलवार कुणी शिवली म्हणून विचारलं, चांगली कल्पना आहे म्हणाल्या. मग हसू गेलं आणि त्यांनी मला नीट समजावलं. जखम खोल आहे. आजूबाजूची कातडीही सोलवटली आहे, तीन आठवडे धड पाणी लागलेलं नाही. रोज दोनदा कोमट पाणी आणि साबणानं कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं धुवायचं, कोरडं करायचं, मग पट्टी बदलायची. दहा दिवस. यांची साखर बघता हे टाळलं तर इस्पितळात टाकावं लागेल, आणि पू आत पसरला तर पाय राहील की नाही हे मी सांगू शकत नाही. घरी कोण करणार? मी म्हटलं, मी. पडद्याआडून अम्मी म्हणाल्या, बघू आम्ही.

घरी आल्यावर बघितलं ते एवढंच, की मी करायचं नाही. नर्स शोधू म्हणाल्या. ह्यांनी दोन ठिकाणी विचारलं, एकीला दुसरीकडे काम होतं, दुसरी पुढच्या सोमवारपासून येते म्हणाली. सोमवारपर्यंत काय? संध्याकाळची पट्टी तशीच राहिली. मी आईच्या मायेनं सांगून पाहिलं, सासूच्या भाषेत सांगून पाहिलं, ह्यांच्याकडून सांगवलं. पालथ्या घड्यावर पाणी. हे बिचारे दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले की अम्मी, पाय गेला तर? आणि लिफ्टचा फोन आला म्हणून निघून गेले, फोन आलेला नसताना.

सकाळी अम्मींनीच तोडगा काढला. म्हणाल्या, पाणीवालीला बोलाव, ती चालेल.

पाणीवाली म्हणजे त्यांची गुस्लमधली जोडीदारीण. वीस वर्षं अम्मींबरोबर काम करते, कमी बोलते, आणि कामाचा हात असा की डोळे मिटूनही चुकणार नाही. मला हा आणखी एक घाव होता, पण पाय वाचतोय ना, मग माझं मन गेलं खड्ड्यात, असं म्हणून मी तिला घेऊन आले. ती आली, अम्मींना बघून तिचे डोळे भरले, पदर खोचला आणि कामाला लागली.

आता पुढं जे झालं त्यात दोष कुणाचा, हे मी अजून ठरवू शकले नाही. मागच्या न्हाणीत जागा मोठी आहे. पाणीवालीनं तिथं लोखंडी खाट टाकली, वर प्लास्टिक अंथरलं, डोक्याची बाजू विटेनं जरा उचलली, पाणी खाली वाहून जावं म्हणून. अम्मींना उताणं झोपवलं. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत ती जाड गडद चादर टाकली आणि सलवार चादरीखालून काढून घेतली. हाताला पिशवी बांधली. मला म्हणाली, ओत, उजवीकडून. मी ओतलं. सगळं नियमाप्रमाणे, डोळ्यांत तेल घालून चाललेलं. मला तर हायसं वाटत होतं. अम्मी डोळे मिटून गप्प पडल्या होत्या, दोन्ही प्लास्टरं दोन बाजूंना पिशव्यांत बांधलेली.

मग पाणीवालीनं अम्मींच्या मानेखाली हात घातला, त्यांना थोडं उचललं, आणि दुसरा हात पोटावर ठेवून हळूच, वरून खाली, दाबला.

हे मेलेल्या माणसाला करतात. पोटात काही राहिलं असेल तर ते धुण्याआधीच निघून जावं म्हणून. जिवंताला कुणी करत नाही.

अम्मींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी आहे अजून."

पाणीवालीनं हात असा ओढला की जणू तव्यावर पडला होता. तिचा चेहरा पांढराफटक. मी तांब्या हातात घेऊन उभी, आणि काय सांगू, मला हसू फुटलं. तोंडात ओढणी कोंबली तरी थांबेना. अम्मीही हसल्या, खाट हलेपर्यंत हसल्या. एकटी पाणीवाली हसली नाही. तिनं पिशवी सोडली, अम्मींच्या पायाला हात लावला, हाताला सवय झाली आपा, एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. मी तिला थांबवायला दारापर्यंत गेले, पण ती रडत होती.

परत आले तर अम्मींचं हसू थांबलं होतं आणि त्या थरथरत होत्या. मी चादरीला हात लावला. पाणी गरम ओतलं होतं, पण ओली जाड चादर पाच मिनिटांत बर्फासारखी झाली होती. मी कोरडी चादर आणली, ती वरून टाकली आणि ओली खालून ओढून काढली. वर न बघता. तेवढं मलाही एव्हाना जमायला लागलं होतं.

अम्मी छताकडे बघत म्हणाल्या, "ही एवढी गार पडते? एकतीस वर्षांत मला एकीनंही सांगितलं नाही."

मी म्हटलं, कशा सांगतील?  त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात चाललं होतं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी पुसलं. मग मी न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसले आणि मला जे कालपासून बोलायचं होतं ते बोलून टाकलं. ओरडून नाही. ओरडायचं बळ नव्हतं. म्हटलं, डॉक्टरीण चालते, सोमवारची नर्स चालते, पाणीवाली चालते. माझ्यात काय खोट आहे ते एकदा सांगा. मी परकी आहे तर तसं सांगा, मी परक्यासारखी वागेन. पण पाय घालवून बसू नका. तुमचा मुलगा काल रात्रभर मला विचारत होता आणि मला तोंड दाखवायला जागा नाही.

 मला वाटलं अम्मी पुन्हा मसल्याची, म्हणजे धर्माच्या नियमाची, गोष्ट काढतील, काय झाकायचं आणि काय नाही. पण त्या वेगळंच बोलल्या.

"मी ज्यांना ज्यांना आंघोळ घातली, त्या पुन्हा कधी मला भेटल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण मला रस्त्यात ओळखणार नाही. नर्स दहा दिवसांनी जाईल. परकी असतीस तर पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं. तुझ्यासमोर मला उद्या सकाळी चहाला बसायचंय."

मी उंबऱ्यावरून उठले आणि बादलीत गरम पाणी घातलं. 

मग त्यांनीच सांगितलं, की झोपवून नको. पुन्हा आडवं करू नकोस मला. स्टूल आण.

मी तेच स्टूल आणलं, ज्यावरून त्या पडल्या होत्या, दुसरं घरात नव्हतं. कोरड्या चादरीआड त्यांना खिडकीची सलवार पुन्हा घातली, नाडी सैल ठेवली. त्या स्टुलावर बसल्या, ताठ, जिवंत बाई बसते तशा. मी त्यांच्या मागे बसले, समोर नाही, ही माझी अक्कल. हाताला पिशवी बांधली. कोमट पाण्याची बादली जवळ, गरम पाण्याचं पातेलं बाजूला, दर दोन मिनिटांनी त्यात भर घालत होते, कारण आता मला कळलं होतं. सलवारीच्या आत हात घालून, न बघता, कमरेपासून गुडघ्यापर्यंत धुतलं. कुठं कातडी सोललेली आहे ते पिशवीतूनही बोटांना कळतं. तिथं हात हलका केला की त्यांचा श्वास सुटायचा, त्यावरून मला अंदाज यायचा. मध्येच त्या म्हणाल्या, गप्प नको बसूस, काहीतरी बोल. तू गप्प बसलीस की मला मेल्यासारखं वाटतं.

बोल म्हटल्यावर मला काय, तोंडाचा पट्टा सुरू. कारखान्याच्या मॅनेजरच्या सदऱ्याच्या कॉलरला रोज केसांचा काळा रंग लागलेला असतो आणि तो सगळ्यांना सांगतो की आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत, ते सांगितलं. एका कामगाराच्या खिशात मला तीन आठवडे एकच चिठ्ठी सापडतेय, आईचं औषध आण, आणि मी ती दर वेळी इस्त्री करून परत खिशात ठेवते, ते सांगितलं. अम्मी म्हणाल्या, त्याला एकदा तोंडावर सांग. सांगते म्हटलं.

जखमेला मात्र बघावंच लागतं. ते पिशवीतून होत नाही. मी म्हटलं, अम्मी, आता मी पुढं येतेय, खिडकीची झडप उघडतेय, आणि तेवढंच बघतेय. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी बघितलं. बशीएवढी जागा, त्यात लाल जखम, कडेला पू. घाण वास होता, तो होताच, खोटं कशाला बोलू. मी तोंडावर काही येऊ दिलं नाही आणि मग लक्षात आलं की त्या बघतच नाहीयेत. तरीही येऊ दिलं नाही. पू पुसला, औषध लावलं, पट्टी बांधली, झडप खाली ओढली, बंद बांधला. झालं, म्हटलं. त्या दुवा देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त उठायला डावं कोपर पुढे केलं. त्यांना खोलीत नेऊन, कोरडी सलवार घालून निजवलं. तास-दोन तासांत ताप उतरायला लागला.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि ती मला आधी कळली नव्हती.

चहा झाला तरी अम्मी खोलीतून येईनात. हे बोलवायला गेले, तर भूक नाही म्हणाल्या, नाहीतर तूच इथं आणून भरव म्हणाल्या. ह्यांना काही समजलं नाही. मला समजलं. मी ह्यांच्या हातातून ताट घेतलं आणि स्वतः गेले. अम्मी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, मान खाली, नजर प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांवर. मी समोर बसले. आता चेहरा कसा ठेवायचा? फार गोड बोलले तर त्यांना वाटेल कीव येतेय. गप्प राहिले तर वाटेल तेच आठवतंय. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या स्वतःच्या तोंडाची भीती वाटली. तेवढ्यात उशी सरकवली आणि खाली साखरेची गोळी सापडली, आदल्या दिवशीची, न घेतलेली.

मग मला विचार करावा लागला नाही. माझा आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला असणार. मी म्हटलं, लहान मूल आहात का तुम्ही? मी इथं कोमट पाणी करून करून मरतेय आणि तुम्ही गोळ्या उशीखाली लपवता? डॉक्टरला सांगू? नाही, डॉक्टरला कशाला, तुमच्या मुलाला सांगते, तो रोज सकाळी तोंड उघडून बघेल गिळली का ते. सुंभ जळला तरी पीळ जायला नको.

अम्मींनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काहीतरी शोधत असल्यासारखं. मी रागातच होते. खरा राग होता, त्यात काही मिसळलेलं नव्हतं.

"गोळी घशात अडकते," त्या म्हणाल्या. "दोन तुकडे करून देत जा. किती वेळा सांगितलंय."

"एकदाही सांगितलं नाही."

"सांगितलंय. तुझं लक्ष असेल तर ना."

मी गोळीचे दोन तुकडे केले. त्यांनी एक गिळला, दुसरा गिळला, वर पाणी प्यायल्या आणि तोंड उघडलं. मी टोस्ट चहात बुडवून भरवला.

"फार भिजवलास," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.